कारण निवडा

कोत्का बंदरातल्या कागद गिरणीत
राइली ह्युवॅरिनेन एकतीस वर्षं खरेदी खात्यात आहे.
रुजू झाली तेव्हा फॅक्सचे गुंडाळे फाडून
तारखेनं लावायचे, एवढंच काम.
तिचा पहिला साहेब आर्मास,
कानावर पेन्सिलीचा तुकडा, खणात राईचा कडक पाव,
त्यानं तिला एकच गोष्ट शिकवली:
समोरच्यानं दर सांगितला, की गप्प बसायचं.
नाही म्हणायचं नाही. हो तर नाहीच नाही.
रिसीव्हर कानाला, नजर खिडकीबाहेर,
बर्फ फोडणारं जहाज
या धक्क्यापासून त्या धक्क्यापर्यंत जाईतो.

न बोलणाऱ्याचे गहूसुद्धा विकत नाहीत,
असं आपल्याकडे म्हणतात.
विकणाऱ्याचं असेल तसं.
घेणाऱ्याचं गणित उलटं.

पहिल्या वर्षी तिला चार सेकंदही जमेनात.
पाचव्या वर्षी ब्रेमेनचा एक व्हॉल्व्हवाला
त्या शांततेत स्वतःशीच भांडला,
साडेसहा टक्के सोडून बसला
आणि वर आभार मानले त्यानं.

मग फॅक्स गेला.
ईमेलमध्ये गप्प बसता येत नाही;
उत्तर न देणं म्हणजे नुसतंच उत्तर न देणं.
मग उलटे लिलाव आले,
पुरवठादारांची नावं गेली, क्रमांक आले,
सात नंबर खाली उतरतोय, तीन नंबर थांबलाय.
राइलीही शिकली. रात्री, भांडी झाल्यावर,
दीडपट वेगानं व्हिडिओ लावून.
बावन्नाव्या वर्षी मिळालेलं प्रमाणपत्र
फ्रिजवर लावलं, मासळीच्या चुंबकाखाली.
कुणी बघायला नव्हतं. तरी लावलं.

या जानेवारीपासून सौदे यंत्र करतं.
पन्नास हजार युरोंच्या आतले सगळे,
एका वेळी चाळीस जणांशी, अदबीनं.
तिला राग नाही.
लाकडी पॅलेटच्या दरात ते तिच्याहून सरस निघालं,
अहवालात तिनंच तसं लिहिलंय.
आता तिचा हुद्दा लांबलचक आहे,
आणि काम म्हणजे जुने सौदे उघडून
यंत्राला सांगायचं, हा का घेतला, तो का नाही.
प्रत्येकापुढे चौकट: कारण निवडा.
दर. दर्जा. मुदत. अंतर. इतर.
औलूहून आलेली मिंतू दिवसाला दोनशे उरकते.
राइली साठ.

आज एक गॅस्केटचा सौदा निघाला, २००९चा.
इमात्राचा लाउहेला, कारखान्यात चार माणसं,
सगळ्यात स्वस्त दरापेक्षा नऊ टक्के वर.
तिला आठवलं. तिनं फोन केला होता,
त्यानं दर सांगितला होता,
ती गप्प बसली होती.
आणि तोही.
मागे लेथ फिरत होतं, मग थांबलं.
कुणीतरी खोकलं. दार लागलं.
जहाज एकदा गेलं, परत आलं.
शेवटी तोंड उघडलं ते तिनंच:
बरं, पाठवा.
ती गॅस्केटं अकरा वर्षं टिकली,
पण ते नंतरचं.
त्या दिवशी कारण तेवढंच होतं,
की त्याच्या दरात बोलायला जागाच नव्हती
आणि हे त्यानं न बोलता सांगितलं होतं.

तिनं इतर निवडलं.
खाली नवी चौकट: स्पष्ट करा, कमाल ऐंशी अक्षरं.
गॅस्के एवढं लिहिलं, पुसलं.
मिंतूनं विचारलं, कॉफी?
नंतर, म्हणाली.
बाहेर यंदा बर्फ पातळ,
फोडणारं जहाज धक्क्यालाच बांधलेलं.
तिनं हात मांडीवर ठेवले.

बऱ्याच वेळानं पडदा मंदावला,
मधोमध एक ओळ आली:
आपण अजून आहात का?

कधी नव्हे ते राइली हसली.
आधी कोण बोललं बघ, आर्मास.
आणि तशीच बसून राहिली.