एकोणिसावं पान

सहाला गठ्ठा आला. सुतळी कापली
तर ती वरच. नजर तीच, तिरपी,
केस तसेच आखूड, आणि हिरवा हातमोजा एकच.
दुसरा एकतीस वर्षांपूर्वी समुद्रात पडला होता,
शेवटच्या अंकाच्या शेवटच्या चौकटीत.
खाली ‘समाप्त’ लिहायचेही कष्ट घेतले नव्हते कुणी.

ओर्तिका म्हणजे भिंतीच्या कडेचं तण.
हात लावाल तर दिवसभर आग.
विमा कंपन्या लुटायची, जहाजमालकांच्या तिजोऱ्या,
एकदा बिशपची अंगठी (बोट सोडलं,
एवढीच तिची दया).
गोरगरिबांना वाटत बसली नाही कधी.
हवं असायचं, म्हणून घ्यायची.
बाबा म्हणायचे, ही बाई घरी न्यायची नाही.
मग मी इथेच वाचायचे, याच टपरीत,
स्टुलाखाली, पायांशी मांजर.

शटर अर्धं वर, तोच एजिदिओ वाकून आत.
“दोन दे. एक वाचायला, एक न वाचायला.”
बंदरातली क्रेन चालवायचा. जेवणाच्या सुट्टीत
वरच्या केबिनमध्ये ओर्तिका उघडायची.
अठ्ठ्याऐंशीत एक अंक वाऱ्याने उडून
ग्रीक जहाजाच्या डेकवर पडला,
आणि जहाज निघून गेलं.
तेवढा एक नाही त्याच्याकडे. अजून विचारतो,
जसं कुणी पळून गेलेल्या भावाबद्दल विचारतं.

नऊपर्यंत चौकात भांडण पेटलं होतं.
तुल्लिओ न्हावी, एका हातात कंगवा,
दुसऱ्यात अंक, एक्स-रे धरावा तसा उजेडात:
“एकोणिसावं पान बघा! कॉफी पिते, आणि पैसे देते!
ओर्तिका! पैसे देते! वर म्हणते, माफ करा, सुटे नाहीत!”
“वय झालं तिचं.”
“कुठे झालं? एक पांढरी बट काढलीय फक्त.
आपल्याकडे बघ, माझे दोन्ही गुडघे नवीन आहेत.”
“चित्रं छान आहेत पण.”
“चित्रं छान आहेत! प्रेताला पावडर लावलीय म्हण!”
त्याच्या खुर्चीत अर्धी दाढी झालेला माणूस
फेसासकट बाहेर येऊन उभा.

मधेच एक मुलगी, आझुर्रा, बेकरीवाल्यांची,
म्हणाली, “मी आधीचं काहीच वाचलं नाहीये.
सुरुवात कुठून करू?”
सगळे गप्प.
मग चार म्हाताऱ्यांनी चार आकडे सांगितले
आणि पुन्हा जुंपली.

ओन्दिनाबाई या सगळ्यात कडेला.
अडतीस वर्षं बँकेत, तीन नंबरच्या खिडकीत.
संध्याकाळी हिशेबात एका लिराचाही फरक नाही,
एकदाही नाही. नवरा गेला त्या दिवशीसुद्धा नाही.
उभ्यानेच वाचत होत्या, चष्मा कपाळावर,
पान नाकाशी. एकोणिसाव्यावर थांबल्या.
“द्यायला नको होते तिने,” म्हणाल्या,
मला नाही, पानालाच.
मग अंक मिटला, वर्तमानपत्राच्या घडीत सरकवला,
वर्तमानपत्राचे पैसे मोजून माझ्या तबकात ठेवले,
सुटे, बरोब्बर,
आणि कारंज्याला वळसा घालून निघाल्या.
भरभर नाही. ओर्तिकाही कधी धावली नव्हती.

मी तोंड उघडलं होतं. आझुर्राने माझ्याकडे पाहिलं,
मी तिला च्युइंग गम दिलं.

रात्री मोजलं. चाळीस आले होते,
एकोणचाळीसचे पैसे. पुन्हा मोजलं,
आपल्याला काय, हात चुकतो कधीकधी.
वहीत लिहिलं: एक प्रत वाऱ्याने नेली.
त्रिएस्तेत हे कुणालाही पटतं,
आमची बोरा टोप्या नेते, कौलं नेते,
एकदा बाबांचा आख्खा मासिकांचा स्टँड नेला होता.

त्या गुरुवारी मात्र
पानसुद्धा हललं नव्हतं.