पंपावरची फुली

लोहखुटीची पोरगी म्हटलं
की पाहुणे आधी म्हणत, "हास बरं."
मी हसले की चहा अर्धा ठेवून उठत.
तपकिरी रेघांचे दात,
कवेलूवरून उतरलेलं पाणी भिंतीवर राहतं तसे.
"त्या गावचं रक्तच तसं," सुपारी कातरत कुणी म्हणे,
"तिशीत गुडघे फाकतात. पिढीजात हाये बाप्पा, जाते का कुठं?"

फुलवंता माझी जुळी.
एका वारेच्या दोघी; ओळख पटावी म्हणून
सुईणीनं एकीच्या पायात काळा दोरा बांधलेला.
मायचं दूध पुरेना,
आठव्या महिन्यात मामीनं नेली तिला
वर्धेपल्याड, उथळ विहिरीच्या गावी.
नऊ वर्षांनी पोळ्याला आली.
तेच नाक, कपाळावर तोच भोवरा,
आणि दात भिजवलेल्या तांदळासारखे.
आरशात दोघींनी एकदम पाहिलं.
मी तोंड मिटलं. तिनंही मिटलं.
मग कोण कोणती, आम्हालाच कळेना.

वैरागडे आला तालुक्याहून बाटल्या घेऊन,
रक्ताच्या नव्हे, पाण्याच्या.
पंपावर लाल फुली मारून गेला.
एवढंच.
आजा पस्तीस वर्षं वाकून चालला
त्याचं कारण दोनशे फूट खाली
दगडातून पाझरत होतं,
आणि आम्ही ते तांब्यानं पाहुण्यांपुढे ठेवत होतो,
आधी पाणी, मग मुलगी.

लग्न झालं शेवटी,
पलीकडच्या पंपावरच्या, तसल्याच दातांच्या माणसाशी.

पुढं रक्ताचं शिबिर भरलं.
फुलवंता आलेली, तिचंही बोट टोचलं.
दोघींना एकच कार्ड : सिकलसेल, वाहक.
हे मात्र रक्तातलं.
विहीर, नदी, मामीचं दूध, कशाचंच ऐकत नाही.
"काहून आमच्यातच इतकं?" मी विचारलं.
वैरागडे म्हणाला, तुमच्यातच असं नाही,
जिथं जिथं हिवताप होता तिथं.
अर्धं घेऊन जन्मलेली लेकरं तापातून उठत,
पुरं घेतलेली जात.
शेकडो पिढ्या असाच हिशेब.

म्हणजे तिथंही एक डबकंच होतं की.
तो हसला नाही. सुई गुंडाळत राहिला.

आता नळ आलाय, लांबच्या धरणाचा.
पोरीला परवा पहिला पक्का दात आला.
तिचं तोंड उजेडाकडं धरून
मी बोटानं चाचपला. पांढरा.
बोट टोचायचं बाकी आहे तिचं.
सोमवारी या म्हणालेत.