गेली पाच वर्षे व्यक्तिशः ओळखतो

एका फाइलला बारा मिनिटं.
पंधरा लागली तर कुणी विचारत नाही,
पण रात्री अकराला चाळीस फाइली उरतात
आणि पिट्सफिल्डच्या रस्त्यावरून
मीठ टाकणारी गाडी दुसऱ्यांदा जाते.

मार्क पहिल्या दोन मिनिटांत कळतात.
इथवर आलेल्या सगळ्यांचेच चांगले असतात.
उरलेली दहा निबंधाची आणि पत्रांची.
कुणाच्या घरी जेवायला गेलं की विचारतात,
किती वजन असतं हो त्याला?
मी म्हणते, मिठाएवढं.
ते हसतात.
मी तोलून सांगितलेलं असतं.

आज संध्याकाळपासून तीन आजोबा गेले,
दोन गुडघे मोडले
आणि दोन्ही गुडघ्यांनी काहीतरी शिकवलं.
एका मुलीने ग्वाटेमालात शाळेची भिंत रंगवली.
वाक्यं इतकी गुळगुळीत
की त्यांवरून फिरलेला हात कळतो,
ताशी तीनशे डॉलर घेणारा.
तिच्या शिक्षकाचं पत्र दोन पानी,
तिचं हसणंसुद्धा त्यात दाखल्यांसकट.

मग नेदिम चौशेविच. युटिका, न्यूयॉर्क.
निबंध लाँड्रोमॅटवर.
आई रात्री तिथली फरशी पुसते,
हा ड्रायरच्या उबेला पाठ लावून गणितं करतो
आणि मागे राहिलेले एकेकटे मोजे
खिडकीत दोरीला लावून ठेवतो,
कुणी ओळखून न्यावेत म्हणून.
शेवटचं वाक्य अर्ध्यावर तुटलेलं.
शब्दमर्यादा संपली असेल,
किंवा कपडे वाळले असतील.

शिफारसपत्र साडेतीन ओळींचं.
समुपदेशक डोरीन व्हालेक,
सहीखाली खुलासा : माझ्याकडे चारशे साठ विद्यार्थी आहेत.
'वक्तशीर. नम्र.
नेलेला स्टेपलर परत आणून देतो.'

बास. एवढंच.

माझ्याही नावाचं एक पत्र होतं.
बार्शी, जून सत्याऐंशी.
वसतिगृहाच्या अर्जाला चारित्र्याचा दाखला हवा होता.
वडिलांनी पाटबंधारे खात्यातले एक साहेब गाठले.
साहेब जेवत होते.
उजवा हात वरणात, सही डाव्याने केली.
'कु. कुंदा गजानन टिळेकर हिला
मी गेली पाच वर्षे व्यक्तिशः ओळखतो.
माझ्या माहितीप्रमाणे तिची वर्तणूक चांगली आहे.'
मग मान वर करून विचारलं,
यातली कुंदा कुठली?
धाकटी बहीण माझ्यासोबत आली होती.

त्या गोल जांभळ्या शिक्क्यावर मी इथवर आले.
वर्तणूक चांगली ठेवायची सवय
तेव्हापासूनची.

शेऱ्याच्या चौकटीत त्या रात्री टाइप केलं,
'मी या मुलाला बारा मिनिटं व्यक्तिशः ओळखते.'
खरं तर एकवीस झाली होती.
मग खोडलं आणि
जे लिहायचं असतं ते लिहिलं.

सोमवारी समिती बसली.
"पातळ आहे," ग्रॅहम ऑल्सेन म्हणाला,
आमटीला नाव ठेवावं तसं.
मी स्टेपलरचं काढलं.
म्हटलं, चारशे साठ मुलांत
कुणी काय परत केलं हे आठवतं म्हणजे
त्या बाईने याला पाहिलंय.
कुणी काही बोललं नाही.
कॉफीचं मशीन गुरगुरलं,
आणि पेन्सिलीची मागची बाजू गालाला लावून
आमची प्रमुख बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली.
मग म्हणाली, पुढची.
काय खूण केली ते
माझ्या खुर्चीवरून दिसलं नाही.

मार्चअखेर निकाल लागले.
आम्हा तासावर वाचणाऱ्यांना ते कळवत नाहीत.
आता बर्फ गेलाय.
रस्त्याच्या कडेला मिठाची पांढरी रेघ तेवढी उरलीय,
येता-जाता बुटांवर चढते,
पुसली तरी वाळल्यावर
पुन्हा उमटते.