चारशे अकरा लग्नं

मालखाजने टेबलावर कागद पसरले तेव्हा
मी काकड्या बरण्यांत भरत होते.
"दोन डिस्कचा डबा घ्यावा की चार?"
विचारलं असं, जसं कुणी
मुलीला आलेली दोन स्थळं पुढ्यात ठेवावीत.
मी म्हटलं, ठेवणार कुठे ते आधी सांग.

कुताइसीतल्या या दोन खोल्यांत
चारशेच्या वर लग्नं आधीच राहतात.
बुटांच्या खोक्यात, शिवणयंत्राच्या खणात,
फ्रिजवर, पिठाच्या डब्यामागे,
काळ्या वड्यांसारख्या डिस्क,
आणि त्यांवर त्याच्या किरट्या अक्षरातल्या चिकटपट्ट्या:
"चर्चच्या पायऱ्या, वारा", "नवरदेव उशिरा",
"हिला हात लावू नये".
एक तर नुसतीच टकटक करते,
बंद दारावर कुणी बोटानं वाजवावं तशी.

नातियानं, आमच्या लेकीनं, बातुमीहून फोनवर समजावलं:
दोन पुरेत, आई, पण एकमेकींचा आरसा.
एकीवर जे, ते आपोआप दुसरीवर.
एक मेली तरी दुसरी जिवंत.
मला पटलं. बसडेपोत तीस वर्षं हिशेब लिहिले,
कार्बन लावल्याशिवाय पावती फाडली नाही कधी.
दीड महिन्याची कमाई मोजली.
डबा आला, बरण्यांच्या शेजारी बसला,
आणि हिरवा डोळा उघडा ठेवून
रात्रभर घुमू लागला
जेवून सुस्तावलेल्या पाहुण्यासारखा.

चूक माझी.
जागा भरत आली म्हणून एका दुपारी
दुबार फोटो काढून टाकायला बसले.
तीच टेबलं, तेच उंचावलेले पेले,
एकाच केकचे एकोणीस फोटो.
दुबार वाटलं ते पुसलं.
आरसा इमानी.
त्यानंही पुसलं, त्याच क्षणी.

आठवड्यानं त्सिउरी आली. दारातच उभी राहिली.
वडील गेले, म्हणाली.
माझ्या लग्नात ते बोलायला उठले होते,
अडखळले, खाली बसले, पुन्हा उठले,
तेवढंच मिळेल का, आवाजासकट?

मालखाजनं फोल्डर उघडला. पुन्हा उघडला.
माझ्याकडे वळून बघितलं नाही, हे त्याचं मोठेपण.
मी बरणीचं झाकण घट्ट करत राहिले,
आधीच घट्ट होतं ते.
समोरून माणूस सरला की
आरशाला काय ठाऊक असतं?

रात्री तीनला तो अंथरुणात उठून बसला: बोंदो!
बोंदो माझा भाऊ, वानीला असतो.
त्याच्या पोरांसाठी कधीतरी एक जुनी डिस्क दिली होती
कार्टून भरून, तळाचं काही न पुसता.
आहे की, बोंदो म्हणाला, मक्याच्या पोत्यामागे,
पोरं लष्करात जाऊन आली, आता कोण बघतंय.
फुंकर मारली, तार जोडली.
बोलक्या अस्वलांच्या, उडत्या चुलींच्या खाली
त्सिउरीचे वडील होते,
हातात पेला, खुर्ची मागे सारून
उठायच्या बेतात.

चारचा डबा मालखाजला अजूनही हवाय.
कागद अजून टेबलावरच, त्यांवर काकड्यांचं पाणी.
मी म्हणते, चार घे नाहीतर चाळीस,
रिओनी नदी घरात शिरली त्या वर्षी
तिनं काही मोजून नेलं नव्हतं.

म्हणून महिन्याच्या पहिल्या शनिवारी
एक डिस्क मिनीबसनं वानीला जाते,
आधीची परत येते, बोंदोच्या चीजचा वास घेऊन.
टॉवेलात गुंडाळून मी ती ड्रायव्हरच्या हाती देते.
काय आहे यात? तो विचारतो.
लग्नं.
किती?
चारशे अकरा.
तो पिशवी हातात तोलतो, हसतो,
शेजारच्या सीटवर ठेवून पट्टा लावतो.
मी खिडकीशी वाकून सांगते,
शंभरेक मोडलीत त्यातली,
तरी वळणावर हळू घे.