तिसरा त

मोशेनच्या छापखान्यात ऊडलाउग मुद्रितं तपासायची.
रकाना अरुंद, जेमतेम चार बोटांचा,
आणि आमची नॉर्वेजियन अशी, की दोन शब्द शेजारी बसले
की त्यांच्यातली फटच बुजवून टाकते.
तीन बसले तरी. चार बसले तरी.
हिवाळीमासेमारीहोडीविमा:
समासाबाहेर पाय काढून
निजलेला समास.

ती म्हणायची, विग्रह करायचाच तर सांध्यावर कर.
आई कोंबडी कापते तेव्हा सुरी कुठून फिरते, बघतोस ना?
हाडातून नाही.

मी सतरा वर्षांचा, नखांत शिसं.
गॅरेजवाल्या हाल्वारची जाहिरात जुळवत होतो:
'बिलदेलेर', म्हणजे मोटारीचे सुटे भाग.
ओळ भरली, मी मिळेल तिथे चिरलं.
'बिल्दे' वर, 'लेर' खाली.
छापून आलं ते असं: चित्र
हसतं.
हाल्वार हसला नाही. पैसेही दिले नाहीत.

खाटकानं तर उलटंच केलं होतं.
'लामेलोर' लिहिताना मधे जागा सोडली,
आणि कोकराच्या तंगडीऐवजी
दुकानभर लुळ्या मांड्या विकायला निघाल्या.
ऊडलाउग ओव्हरकोटातून खडू काढून
ती फट बुजवून आली.
भर बर्फात, कुणाला न विचारता.

मग एकदा आला 'नात्तोग'.
रात्रीची गाडी, ट्रॉन्डहाइमहून निघते,
पहाटे आमच्याकडे क्षणभर थांबते, पुढे बूडोला जाते.
नात्त म्हणजे रात्र, तिच्या शेवटी दोन त.
तोग म्हणजे गाडी, तिच्या आरंभी एक.
जोडून लिहिताना दोनच ठेवायचे,
तिसऱ्यानं उतरायचं.
पण ओळीच्या टोकाशी शब्द तुटला
तर वर नात्त, आडवी रेघ, खाली तोग,
तिन्ही त आपापल्या जागी.
मी विचारलं, इतका वेळ कुठे होता हा?
ती म्हणाली, जाईल कुठे? जागा करून देत होता.

तिचा नवरा आयलर्ट त्याच गाडीवर तिकीट तपासायचा.
एकतीस वर्षं दोघं एका दिव्याखाली जेवली.
त्या मार्चमध्ये तो बूडोला उतरला
आणि परतीची गाडी त्यानं धरली नाही.
गाव लहान. सगळ्यांना कळलं,
म्हणून कुणी बोललं नाही.

ती दुसऱ्या दिवशी आली, चष्मा पुसला, रकाने वाचले.
एका मृत्युवार्तेत माझी चूक काढली.

एप्रिल संपता संपता,
यंत्रं बंद होती तेव्हा,
तिच्या टेबलाकडून शीळ ऐकू आली.
नीट, सुरातली, दात पडलेल्या बाजूनं थोडी फुटकी.
मी दचकून फोरमनकडे पाहिलं.
त्यानं मान वर केली नाही.
'लग्नाआधी वाजवायची,' एवढंच म्हणाला,
आणि खिळे पुसत राहिला.

माझी ओळ अर्धी राहिली होती.
मी त-च्या खणात हात घातला.
आत भरपूर होते.