माशाचा काटा

कुह्मोत फेब्रुवारीचा दिवस उजाडतो तो उपकार केल्यासारखा.
गॅरेजचं दार वर सरकवलं तर एत्तू उभा,
मामाच्या ट्रॅक्टरला टोचन केलेली त्याची कोरोला,
चौऱ्याऐंशीची, मागच्या चाकांवर जोर असलेली.
क्लच इतका घासलेला की तिसऱ्या गिअरला
इंजिन जिवाच्या आकांतानं ओरडतं
आणि गाडी म्हणते, बघू.

त्यानं सगळं ठरवूनच आणलेलं:
साडेचार किलोचं पोलादी फ्लायव्हील, इटलीहून येणार,
तांबूस धातूचे चार तुकडे जडवलेली क्लचप्लेट,
दुप्पट कडक प्रेशरप्लेट.
पैसे लाकूडतोडीचे. लिफाफ्यात. दोनदा मोजलेले.

म्हटलं, आधी जुनं तर काढू.

गिअरबॉक्स उतरवण्यात दुपार गेली.
एक बोल्ट हटूनच बसला,
तेव्हा एकाच पान्ह्यावर आम्ही दोघे,
तो एकोणीस, मी त्रेसष्ट, आणि एक शिवी, दोघांत मिळून.
फ्लायव्हील निघालं ते निळ्या डागांचं,
शेगडीवर कुणी तवा विसरून गेल्यासारखं.
मी ते माशाच्या काट्याला टांगलं.
(घशातला काटा नव्हे. वजनाचा,
ज्याला तळ्यावर मी पाइक टांगते.)
सुई थरथरली, नऊच्या थोडी पुढे थांबली.

एवढं ओझं मी रोज फिरवत होतो? एत्तू म्हणाला.

ओझं नाही रे, साठा आहे.
चढावर पाय उचलायला तू चुकतोस
तेव्हा तुझी चूक हे आपल्या अंगावर घेतं.
हलकं चाक घेत नाही.
ते खरं बोलतं, लगेच, चारचौघांत.

मग मी ते विचारलं जे सगळ्यांना विचारते
आणि ज्यावर पोरं चिडतात:
चालवणार कोण?
मी.
आणि?
तो हीटरकडे बघत राहिला.
आणि आई. रात्रपाळीला. सोत्कामोच्या वृद्धाश्रमात.
गुडघा बदललाय तिचा, गेल्या शरदात.
कुठला?
डावा.

मी काही बोलले नाही.
कोपऱ्यात ताडपत्रीखाली माझी लाडा आहे,
रॅलीच्या दिवसांतली, तशाच कडक क्लचची.
तिच्यात बस, म्हटलं, आणि पेडल दाब. चाळीसदा.
मी कॉफी ठेवली.
आधी तो मोठ्यानं मोजत होता,
मग मनात,
सव्विसाव्याला आवाज थांबला.
बाहेर आला तेव्हा लिफाफा
आतल्या खिशात गेला होता.

शेवटी जे ठरलं ते मित्रांना सांगण्यासारखं नव्हतं.
साधी क्लचप्लेट, पूर्वीसारखीच,
प्रेशरप्लेट जरा दमदार, पायाला कळेल न कळेल इतपत,
नवं बेअरिंग,
आणि तेच जुनं चाक, माझ्या लेथवर चढवून
कडेकडेनं सोललेलं.
अजून काढ ना, तो म्हणाला. थोडंसं.
बीड आहे हे. हाव धरली
तर सहा हजार फेऱ्यांना फुटतं,
आणि तुकडे पायांकडेच येतात.
यावर तो गप्प झाला. मीही.
लेथ तेवढी कुरकुरत होती.

काळा कीस कॉफीच्या डब्यात भरून
तोही काट्याला लावला, त्यानंच हट्ट धरला म्हणून.
डबा वजा जाता एक किलो, वर शंभर.
मासा असता तर परत सोडला असता,
मी म्हटलं. तो हसला,
सकाळपासून पहिल्यांदा.

पहिले आठशे किलोमीटर माज नाही, हे बजावून
मी दार वर केलं.
अंगणातल्या बर्फावर गाडी एकदा बंद पडली,
जुन्या क्लचची सवय पायात राहिलेली.
दुसऱ्यांदा निघाली, हलकेच,
जणू शेजारच्या सीटवर कुणी झोपलंय.
डबा तो घेऊन गेला.
कशाला, ते विचारायचं राहून गेलं.