निळा रंग

सरकारच्या नकाशात आमचं खोरं निळं आहे.
निळं म्हणजे पोचलं.
काय पोचलं, कुणापर्यंत, ते नकाशा सांगत नाही,
मी सांगते. एकोणीस वर्षं झाली,
केंटकीतल्या या घळीत मी टपाल टाकते,
उजवीकडे स्टिअरिंग असलेल्या जुन्या जीपमधून:
छत्तीस पेट्या, दोन चावरी कुत्री,
आणि एक पूल, जो फक्त उन्हाळ्यात पूल असतो.

ओढ्याच्या तोंडाशी स्टॅम्परांचं घर.
त्यांच्याकडे तार आली. बास.
एकाच्या चुलीवर धूर दिसला
की सगळा गाव जेवला, असा हा हिशेब.

उरलेल्या पस्तीस घरांना गेल्या महिन्यात पत्र आलं.
मीच वाटलं. जाड कागद, वर गरुडाचा शिक्का:
आपल्या घरी वेगवान इंटरनेट उपलब्ध आहे, अभिनंदन.
हे मान्य नसल्यास हरकत नोंदवावी.
हरकत फक्त ऑनलाइन स्वीकारली जाईल.

ओलीटा फुगेट हे वाचून इतकी हसली
की कवळी काढून हातात घ्यावी लागली.
एक्याण्णव वर्षांची बाई. म्हणाली,
वीज आली तेव्हा मी सात वर्षांची.
पहिला दिवा लागला आणि आईला
भिंतींवरची काजळी दिसली.
नाचायचं सोडून
ती रात्रभर भिंती पुसत बसली.
तुमच्या या नव्या उजेडात काय दिसणार आहे, बाई?
मला उत्तर सुचलं नाही. तिचं औषधांचं पाकीट दिलं
आणि पुढे निघाले.

अकरा मैलांवर वाचनालय. ते सहाला बंद होतं,
पण भिंतीतून वायफाय झिरपत राहतं,
म्हणून रात्री बाहेर गाड्या उभ्या.
काचांवर वाफ, आत पोरं, मांडीवर गणिताची वही.
टॅमसिन कॉडिल बापाच्या ट्रकमध्ये
नर्सिंगची परीक्षा देते, इंजिन चालू ठेवून, हीटरसाठी.
प्रत्येक काचेमागे एक चेहरा,
प्रत्येक चेहऱ्यावर तोच उजेड.
तेव्हा कळलं, निळा रंग खोटा नाही,
फक्त अकरा मैल चुकीच्या जागी भरलाय.

त्याच अंगणात, जीपमध्ये बसून,
चार रात्रींत मी पस्तीस हरकती भरल्या.
अर्ज म्हणतो, आपल्या छपरावर खूण करा.
आकाशातून काढलेला फोटो, कधीचा कोण जाणे:
होबार्टचं जळालेलं कोठार त्यात अजून उभं,
एझ्रा ज्या गाडीतून निघून गेला
ती गाडी अजून दारात.
मी बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिले.
तो माझा नवरा होता. असो.

ओलीटाचं घर मात्र सापडेना.
वर सगळी झाडी. यंत्र म्हणालं,
येथे कोणतीही वास्तू आढळत नाही.
मी पानांवरच खूण केली
आणि शेऱ्यात लिहिलं: आढळते. रोज चहा देते.

सरकारी काम अन् सहा महिने थांब, तर इथे नऊ लागले.
मग एक पोरगा आला, बूट कोरे, हातात टॅबलेट,
खांबांना नारिंगी फिती बांधत.
पुलाजवळ येऊन थांबला. टॅबलेट वर धरला,
खाली धरला, ट्रकच्या टपावर चढून धरला.
नकाशाच उघडत नव्हता.
मला विचारलं, शेवटचं घर कुठे?
मी म्हटलं, माझ्या मागून ये.

शेवटच्या खांबापाशी त्याच्या फिती संपल्या.
ओलीटाने आत जाऊन
जुन्या पडद्याची एक पट्टी फाडून आणली.
ती अजून तिथेच आहे, फुलाफुलांची,
पावसाने थोडी विटलेली.
तार नाही अजून.
मी रोज तिच्याखाली गाडी थांबवते,
पेटी उघडते, आत काही असो नसो.